नसलेल्या लग्नाची राखीव भांडी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, "तुमी आरशात पाह्यलं तरी तुमाले वाटते, थो माणूस कोण बाप्पा, काऊन टक लावून राह्यला?" हसा तुम्ही. पण धंदाच तसा आहे, त्याला मी काय करू? बुलढाण्याजवळच्या धाड गावाला माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या आणि लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी आम्ही भाड्यानं देतो. तीनशे ताटं मोजून द्यावी तर दोनशे नव्वद परत येतात, आणि लग्नघरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो की भाऊ, एवढीच होती. झारा गेला की तो गेलाच. अशा धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस भोळा राहत असेल तर त्याचं दुकान तरी राहत नाही, नाहीतर तो तरी.

तर अशा माणसाच्या हातात ते सॉफ्टवेअर आलं.

आम्ही तिघं बिछायतवाले एकत्र आलो होतो. मी धाडचा, एक चिखलीचा आणि एक अमडापूरचा. लग्नाची मोठी तिथ असली की एकट्याचं सामान पुरत नाही. मग एकमेकांकडून गंज, म्हणजे भात-वरणाची मोठी पातेली, पराती, खुर्च्या मागवायच्या, हे आधीपासून चालायचंच, पण फोनवर. आणि फोनवर रोज भांडणं. माझा हिशेब लाल कापडाच्या वहीत, अमडापूरवाल्याचा मोबाईलमधल्या कसल्याशा ॲपात, आणि चिखलीवाल्याचा दुकानातल्या कॉम्प्युटरवर. एकाच दिवशी एकच कढई तिघांनी तीन गावांना कबूल केली, असंही झालेलं आहे.

चिखलीवाल्याची सून कॉम्प्युटर शिकलेली. तिनं ह्या तिन्ही ठिकाणचं सामान एका पडद्यावर आणलं. तिच्या दुकानात आम्हाला बसवलं, चहा दिला आणि शाळेतल्या पोरांना शिकवावं तसं शिकवलं.

"हे पाहा काका. हिरवं म्हणजे सामान मोकळं आहे. पिवळं म्हणजे बोलणी चालू आहे, ते तीन दिवसांनी आपोआप हिरवं होते. लाल म्हणजे पक्कं राखीव. लाल झालं की मंग कोणाचाच हात लागत नाही."

"आन हिरवं असलं तर?" मी विचारलं.

"तर तिघांपैकी कोणीबी आपल्या गिऱ्हाइकासाठी लाल करू शकते. कोणाच्या गोडाऊनात आहे ते पाहाचं नाही. तेच तर आहे ना काका, सारं एकाच घरातलं समजाचं."

एकाच घरातलं! म्हणजे अमडापूरच्या गादीवर बसून हा माणूस बोट टेकवणार आणि माझे गंज धाडच्या गोडाऊनातून उठून त्याच्या लग्नाला जाणार. मी अमडापूरवाल्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता आणि मान डोलवत होता. जास्तच डोलवत होता, असं मला तेव्हाच वाटलं.

लाल करायला पार्टीचं आडनाव, गाव, तारीख, माणसांचा आकडा एवढं भरावं लागे. मी सूनबाईला म्हटलं, "आन सुपारी?" आमच्यात बुकिंग पक्कं होतं ते सुपारीनं. लग्नघरचा कर्ता माणूस येतो, देवासमोर सुपारी ठेवतो, ती मी उचलून गल्ल्यात टाकतो. मग जग इकडचं तिकडं झालं तरी ते सामान त्याचंच. सूनबाई हसली. "काका, कॉम्प्युटरले सुपारी खाता येत नाही." सगळे हसले. मी काही हसलो नाही.

पहिले दोन महिने बरे गेले. पण मी रोज पडदा उघडून पाहायचो, आणि पाहता पाहता माझ्या मनात पाल चुकचुकली. अमडापूरवाल्याचं सामान मोठ्या तिथीला नेहमी लाल. माझं हिरवं, चिखलीचं हिरवं, आणि ह्याचं दीड-दीड महिना आधीच लालभडक. अमडापूर काही मुंबई नाही बाप्पा, की रोज उठून पाचशेची पंगत बसते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

अशाच एका लाल तारखेला सकाळी मी मोटारसायकल काढली. घरी सांगितलं, चिखलीला जाऊन येतो. चिखली मागं टाकून अमडापूर गाठलं. त्याचं गोडाऊन गावात शिरतानाच लागतं. कुलूप होतं. मी मागच्या बाजूला गेलो, जाळीच्या खिडकीला डोळा लावला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गंजांवर गंज पालथे. गाद्यांच्या वळकट्या छतापर्यंत. खुर्च्यांचे मनोरे जागच्या जागी. मोबाईल काढून पाहिलं, तर पडद्यावर सगळं लाल! म्हणजे हा माणूस खोटी लग्नं लावून आपलं सामान लपवत होता आणि माझं हिरवं वापरत होता. शेजारी मिरच्या वाळत घालणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कोन पायजे भाऊ?" मी म्हटलं, "कोनी नाई, रस्ता चुकलो," आणि किक मारली.

मी त्याला फोन करून विचारायला पाहिजे होतं. सरळ विचारायचं, काऊन बे, हे काय आहे? पण संशयी माणूस विचारत नसतो. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्याला वाटतं. मी घरी आलो, जेवलो, मोबाईल उघडला आणि पुढच्या सगळ्यात मोठ्या तिथीला माझं पूर्ण सामान लाल करून टाकलं. पिवळं करून भागणार नव्हतं, ते तीन दिवसांनी सुटलं असतं. गाव टाकलं लोणार, कारण लांब आहे, कोणी पाहायला जाणार नाही. आडनाव सुचलं ते टाकलं. माणसं टाकली पाचशे. म्हटलं, आता दाखव हात लावून.

खोटं बोललो, असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही, खरंच सांगतो. सुपारी तर घेतली नव्हती! माझ्या हिशेबी ज्याची सुपारी नाही ते बुकिंगच नाही. ते तर नुसतं कॉम्प्युटरला सांगितलं होतं.

त्या तिथीला पंधरा दिवस उरले असताना धाडच्या बाजारात मला भाजीवालीनं हाक मारली.

ही बाई आमच्याच शिवारातली. नवरा-बायको दोघं मिळून वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात. नवरा वाफ्यात आणि ही बाजारात, अशी त्यांची वाटणी. मी भाजी घेतो ती हिच्याकडूनच. तिची पोरगी एका फौजीला द्यायची ठरली होती, ते मला ठाऊक होतं. लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"भाऊ, नवरदेवाची सुटी अलीकडं सरकली," ती म्हणाली. "तारीख बदलली." आणि तिनं तीच तारीख सांगितली. "सोयरे म्हणत होते, बुलढान्याले मंगल कार्यालय करा. म्या म्हटलं, नाई, माही पोरगी माह्या दारातून जाईन. तवा थे म्हनले, करा, पन आमची पंगत वेळेवर बसली पायजे. म्या शब्द देऊन बसली भाऊ. चारशे मानूस आहे. मांडवाचं कापड तर कुठूनबी आनीन, पन गंज-पराती पायजेत. तुमचे द्या."

मी म्हणणारच होतो की देतो. ओठावर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "माह्या भावानं सांगतलं, अमडापूरवाल्याचं तर सारं लाल आहे. मनून तुमाले इचारलं."

लाल? हा शब्द हिच्या तोंडी कुठून आला? लाल, हिरवं ही आम्हा तिघांतली भाषा. मग आठवलं, हिचं माहेर अमडापूर, आणि हिचा भाऊ त्याच अमडापूरवाल्याच्या गाडीवर सामान चढवतो. झालं! माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. त्यानं हिला पाठवलंय. माझं लाल खरं की खोटं, ते काढून घ्यायला. मी आता देतो म्हटलं की उद्या चिखलीत बैठक, आणि तिथं हा सगळ्यांसमोर म्हणणार, कुठी गेलं बे तुह्यं लोणारचं लगन?

"नाई जमत ताई," मी म्हटलं. "त्या तारखेले माहं सामान लोणारले चाललं."

"सारंच?"

"सारंच."

"काई दोन-चार गंज तरी?"

"पक्कं झालं आहे. शब्द मोडता येत नाई."

तिनं मान हलवली. "हाव, थेबी खरंच आहे," म्हणाली, आणि माझी भाजी पिशवीत भरून दिली. वर चार मिरच्या टाकल्या.

दोन दिवसांनी सूनबाईचा फोन आला. "काका, धाडची एक बाई इथवर आली होती. आमचं बी गेलेलं आहे. रडून राह्यली होती हो. तुमची लोणारची पार्टी थोडं कमी सामान घेईन का? मले नंबर द्या, मीच बोलते त्यांच्याशी."

"नंबर कशाले पायजे?" मी एकदम भडकलो. "तुमाले माह्यावर भरोसा नाई काय? म्या सांगून राह्यलो ना, पक्कं आहे."

"तसं नाही काका..."

"तसंच आहे," म्हटलं, आणि फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात, ते मला त्या दिवशी आतून कळलं. म्हणजे ती बाई खरंच गरजवंत होती. चिखलीपर्यंत हेलपाटा घालून, रडून, कोणी माझी परीक्षा घेत नसतं.

मग मी सामान सोडलं का? नाही. मोबाईल उघडला. लालवर बोट ठेवलं की खाली एक चौकोन यायचा, "मोकळं करायचं?" तो चौकोन मी चार दिवसांत दहादा तरी पाहिला असेल. पण मोकळं केलं की ते तिघांच्या पडद्यावर दिसणार. मग पाचशे माणसांचं लोणारचं लग्न गेलं कुठं? आता फोनवर एवढा ओरडल्यावर काय सांगू? बायकोनं विचारलं, "जेवत काऊन नाई तुमी?" मी म्हटलं, पित्त झालं. ती म्हणाली, "मोबाईल पाहू पाहूच झालं थे." शेवटी मला माझी लाज प्यारी झाली. बाईच्या पोरीचं काय व्हायचं ते होवो, पण मी उघडा पडायला नको. हेच खरं आहे, दुसरं काही नाही.

लग्नाला मला आमंत्रण होतंच. न जावं तर आणखी डोळ्यावर येणार. भर दुपारचं लग्न. मी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत बसायची होती.

बसायची होती, पण बसत नव्हती.

घरामागं चुली मांडल्या होत्या. मोजल्या, अकरा होत्या. एकेका चुलीवर कोणाच्या तरी घरचा गंज. कुठं वीस माणसांचा भात, कुठं पंचवीस. अख्ख्या वस्तीच्या बायकांनी आपल्या घरची भांडी आणून दिली होती. ताटांवर वेगवेगळी नावं कोरलेली. एका चुलीवरचा भात करपला होता आणि त्याचा वास मांडवभर पसरला होता. दुसऱ्या चुलीवरचा अजून कच्चा. वरण लहान लहान भांड्यांतून एकत्र करायला मोठं भांडंच नव्हतं, म्हणून प्लास्टिकची नवी टाकी धुऊन ठेवली होती. तेव्हा नवरदेवाचा काका मांडवात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "कार्यालयात केलं असतं तर एव्हाना पान खाऊन राह्यलो असतो." वरपक्षाची माणसं हसली. भाजीवालीचा नवरा हात जोडून एकेकाजवळ जात होता. "पाच मिनिट दादा, पाचच मिनिट." नवरी खाली मान घालून बसली होती. तिच्या कानावर ते सगळं पडत होतं.

माझ्या गोडाऊनात, तिथून हाकेच्या अंतरावर, चाळीस गंज पालथे पडले होते.

एवढ्यात एक छोटा टेम्पो आला आणि त्यातून अमडापूरवाला उतरला. दोन मोठे गंज त्यानं स्वतः खाली ओढले. त्याचं सामान त्या दिवशी बुलढाण्याच्या अलीकडच्या एका गावात लागलं होतं. तिथली पहिली पंगत उठताच रिकामे झालेले दोन गंज तिथंच घासून तो इकडं घेऊन आला होता. आपल्या माणसाच्या भाचीचं लग्न म्हणून. घामानं निथळत होता. त्यानं मला पाहिलं आणि जागीच थांबला.

"तुमी इथी?" तो म्हणाला. "आन लोणारचं लगन?"

बिछायतवाला आपलं सामान लागलेलं असताना दुसऱ्याच्या मांडवात जेवायला जात नसतो. डोळ्याआड झालं की झारे जातात. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती आणि मला त्यानं सांगायची नव्हती. मी नुसता टोपी घालून, हातात आहेराचं पाकीट घेऊन उभा होतो.

चिडलो मी. चोरी सापडली की आधी राग येतो. त्याला बाजूला ओढलं आणि दबल्या आवाजात म्हटलं, "माह्यं राहू द्या. तुमी काय करता थे सांगा. मांगं थ्या मोठ्या तारखेले तुमचं सारं लाल होतं, आन म्या सोता खिडकीतून पाह्यलं, गोडाऊन भरलेलं होतं. खोटी लग्नं लावून सामान लपवता, मले मालूम नाई काय?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "थ्या घरचा म्हातारा चार दिवस आधी गेला भाऊ. सुतक लागलं. लगन पुढं गेलं."

"मंग हिरवं काऊन नाई केलं?"

"सुपारी परत आली नव्हती ना," तो म्हणाला. "सुतकातल्या घरी जाऊन सुपारी घ्या परत, असं कसं म्हनू? तुमी म्हनान काय?"

नाही म्हणणार. मीसुद्धा नाही म्हणणार. घरचं माणूस स्वतः येऊन सुपारी परत घेत नाही तोवर सामान हलवायचं नाही, ही रीत माझ्या बापानं मला शिकवली होती. खिडकीतून मला भांडी दिसली आणि ती कोणासाठी थांबली असतील, हे एकदाही मनात आलं नाही.

तेवढ्यात ती आली. भाजीवाली. पदर खोचलेला, हाताला हळद नि राख. दोन गंज पाहून तिचे डोळे भरले. अमडापूरवाल्याला हात जोडले, आणि मग माझ्याकडं वळून शेजारी उभ्या असलेल्या व्याह्याला म्हणाली, "हे आमचे धाडचे भाऊ. ह्यांचंबी सामान भेटलं असतं, पन थे आधीच लोणारले दिलेलं. शब्द मोडत नाई हा मानूस." मग मला म्हणाली, "थ्या पोरीचंबी आज लगन लागलं असन, नाई भाऊ? बरं झालं. तिची तरी पंगत वेळेवर बसली असन."

अमडापूरवाल्यानं मान फिरवली. तो काही बोलणार नव्हता. त्यानं मला वाचवायचं ठरवलं होतं, हे मला दिसलं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"ताई," मी म्हटलं, "लोणारले कोनाचंच लगन नाई."

"म्हंजे? मोडलं काय?"

"नव्हतंच. म्या खोटं लिहिलं. सामान गोडाऊनात आहे. सारं."

अमडापूरवाल्यानं माझी बाही ओढली. उशीर झाला होता. तिनं आधी अकरा चुलींकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग माझ्याकडं. ती ओरडली असती, शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"काऊन भाऊ?"

"मले वाटलं," मी म्हटलं, आणि ते बोलताना मला माझीच किळस आली, "मले वाटलं तुमाले ह्या अमडापूरवाल्यानं पाठवलं. माह्यं खरं-खोटं पाहाले."

ती हळूच म्हणाली, "सोळा वर्स झाले तुमी माह्याकडून भाजी घेऊन राह्यले. कधी तराजूच्या काट्याकडं पाह्यलं काय?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं पाहिलं. एकदाही नाही.

"नाई," मी म्हटलं.

"मंग?"

तिकडून कोणीतरी ओरडलं की भात झाला, पंगत बसवा. तिनं हात पदराला पुसले, भाताची परात उचलली आणि वाढायला गेली.